गाळलेली वर्षं

नकार आला तेव्हा वृषाली चौगुले गंगावेशीच्या बाजारात दोडके निवडत होती. मनगटावरच्या पट्टीवर दोन ओळी उमटल्या. 'आपल्या छायेशी आमची सविस्तर चर्चा झाली. सध्याच्या जागेसाठी ती योग्य वाटत नाही.' तिने पट्टीवर बाही ओढली आणि भाजीवालीला अर्धा किलो तोलायला सांगितलं. उन्हाळ्यापासून हे असंच चाललं होतं. पहिल्या दोन-तीन नकारांना ती रडली होती. आता नकार आला की तिला फक्त कुठेतरी टेकावंसं वाटायचं.

ती सत्तेचाळीस वर्षांची होती. शिरोलीतल्या पंपांच्या एका कारखान्यात तिने वीसेक वर्षं ग्राहक विभागात काढली होती. पंप पाणी ओढत नाही, मोटर जळली, डीलर फोन उचलत नाही, असल्या तक्रारी ऐकायच्या आणि सोडवायच्या, हे तिचं काम. मग कारखाना एका मोठ्या कंपनीने विकत घेतला आणि तिचा विभागच बंद झाला. घरात सासरे होते, बारावीतली मुलगी होती. नवरा रणजित हायवेवरच्या अपघातानंतर दोन वर्षांहून जास्त काळ अंथरुणावर होता आणि मागच्याच्या मागच्या दिवाळीआधी गेला होता.

छाया म्हणजे काय हे तोवर शाळकरी पोरांनाही ठाऊक झालं होतं. कामावर माणूस काय बोलतो, काय लिहितो, कुठला निर्णय पटकन घेतो आणि कुठे अडखळतो, कुणापुढे त्याचा आवाज चढतो, या सगळ्याचे माग कंपनीच्या यंत्रांत साठत जायचे. वर्षानुवर्षांच्या त्या मागांवर एक गणिती जाळं शिकवलं जायचं. जाळ्यातल्या अब्जावधी गाठी जरा जरा सरकत जायच्या आणि शेवटी ते जाळं त्या माणसासारखंच उत्तर देऊ लागायचं, कधी न विचारलेल्या प्रश्नालासुद्धा. सरकारी कागदांत त्याला 'कार्यप्रतिरूप' म्हणत. लोकांनी छाया म्हटलं. नोकरी देणारी कंपनी ही छाया थोड्या वेळासाठी मागवून घेई आणि तिच्यापुढे हजारो खोटे प्रसंग उभे करी. भडकलेला ग्राहक, चुकलेलं बिल, थापा मारणारा सहकारी, सुट्टीच्या दिवशी अंगावर आलेलं काम. साहेबाचा चहा संपेपर्यंत छाया या सगळ्यातून जाऊन आलेली असे. माणसाला बोलवायचं की नाही ते त्यावर ठरे.

वृषालीला कुणीच बोलवत नव्हतं. शेवटी एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून ती शाहूपुरीत केदार हुक्केरीकडे गेली. पाटीवर 'छाया-सल्लागार' असं लिहिलं होतं. तिशीचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्याने तिची छाया पडद्यावर उघडली आणि एकेक प्रसंग काढून बघत राहिला.

"मॅडम, छाया वाईट नाही तुमची," तो म्हणाला. "दमलेली आहे."

"म्हणजे?"

"हे बघा. एका बाईचा पंप बिघडलाय. वॉरंटी कधीच संपली. छायेला नियम पाठ आहे, तरी ती बदलून देते. हा दुसरा प्रसंग. म्हातारा माणूस फोनवर भलतंच काहीतरी सांगत बसलाय. छाया ऐकत बसते. मागे वीस लोक रांगेत आहेत, तरी."

"मी दिले होते तसे पंप बदलून. दोन-तीनदा."

"दोन-तीनदा नाही, मॅडम," तो अगदी मऊपणे म्हणाला.

वृषालीने मान खाली घातली. रणजित अंथरुणावर असताना ती घरून काम करायची. एका कानात हेडफोन, दुसरा कान त्याच्या खोलीकडे. त्या दिवसांत कोणी फोनवर रडवेलं झालं की तिला नियम आठवायचाच नाही. वरच्या साहेबांनीही तिची परिस्थिती माहीत असल्यामुळे कधी टोकलं नव्हतं.

"तेवढे महिने काढून टाकता येत नाहीत?"

"येतात. पण वहीतलं पान फाडावं तसं नसतं हे. प्रत्येक दिवसाने जाळ्यातली प्रत्येक गाठ थोडीथोडी हललेली असते. चहातली साखर चमच्याने परत काढता येत नाही ना, तसं. मग एकच करता येतं. अपघाताच्या आधीची जी जुनी प्रत जतन झालेली असते, तिथपर्यंत मागे जायचं आणि तिथेच थांबायचं."

"आणि त्यानंतरचं वर्ष? रणजित गेल्यानंतरचं? तेव्हा तर मी ऑफिसला जात होते."

"तेही त्याच्यावरच उभं आहे. तेही जाणार." त्याने पडदा बंद केला. "आणि एक आहे. नुसतं झाकलं तर कंपनीला कळतं की इथे काहीतरी झाकलंय. त्यापेक्षा नकार परवडला. मूळ नोंदी कायमच्या पुसाव्या लागतात. मग खूण राहत नाही. कायद्याने तो तुमचा हक्क आहे."

उठता उठता तो म्हणाला, "याच जागेत माझे वडील बायोडेटा टाईप करून द्यायचे. लोक त्यांना विचारायचे, यात काय काय घालू? मला विचारतात, काय काय काढू."

घरी जाताना बसमध्ये तिला तिचा पहिला बायोडेटा आठवला. राजारामपुरीतल्या सायबर कॅफेत बसून केलेला. आयुष्यातलं ध्येय मैत्रिणीच्या कागदावरून जसंच्या तसं उतरवलं होतं. प्रामाणिक, कष्टाळू, शिकण्याची तयारी. छंदांमध्ये तिने पोहणं लिहिलं होतं आणि तिला पोहता येत नव्हतं. पुढे काही वर्षांनी बायोडेटा माणसांआधी यंत्रं वाचू लागली, तेव्हा जाहिरातीतलेच शब्द उचलून आपल्या कागदात पेरायची टूम निघाली. तेही तिने केलं. पण ते खोटं तिने स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं, आणि जे सांगायचं नाही ते न सांगणंही तिच्याच हातात होतं. पहिल्या मुलाखतीच्या वेळी तिचं लग्न ठरलेलं होतं आणि तिने ते खुशाल लपवलं होतं.

रात्रीच्या जेवणाला तिने विषय काढला. सासरे, आप्पा, उद्यमनगरातल्या फाउंड्रीत लाकडी साचे करायचे. आता त्यांना नीट दिसत नसे, पण बोलण्याची हौस शाबूत होती.

"आमच्या टायमाला एक पान असायचं," ते म्हणाले. "नाव, गाव, शिक्षण, उंची. प्रकृती उत्तम. छंद काय, तर वाचन. मी उभ्या जन्मात पुस्तक वाचलं न्हाई. आन् साहेबानं बी कधी इचारलं न्हाई."

अन्वी हसली. मग भाकरी मोडता मोडता थांबली.

"आई, म्हणजे बाबा आजारी असतानाचं सगळं जाणार?"

"बाबा नाहीतच गं त्यात. नुसतं माझं काम आहे."

"तू बाबांच्या शेजारी बसूनच काम करत होतीस."

वृषालीने तिच्या ताटात भाजी वाढली. "काहीतरी हातपाय हलवायला हवेत ना, अनू," ती म्हणाली. "तुझं पुढचं शिक्षण आहे. आप्पांचे डोळे आहेत."

"काढ पोरी," आप्पा म्हणाले. "आपला रणजित काय त्या डब्यात बसलाय व्हय?" असं ते म्हणाले खरे, पण त्यांच्या ताटातली भाकरी तशीच राहिली.

पुढच्या आठवड्यात तिने संमती दिली. यंत्राने दोनदा विचारलं, तिने दोनदा अंगठा टेकवला. मग पडद्यावर 'पूर्ण झाले' एवढंच आलं. आतून काही तुटल्यासारखं वगैरे तिला झालं नाही. ती बाहेर येऊन उसाचा रस प्यायली.

नवी छाया घरी ऐकून बघायची सोय होती. वृषालीने फोन जेवणाच्या टेबलावर ठेवला.

"नमस्कार, वृषाली चौगुले बोलतेय. सांगा, काय झालं पंपाला?"

आवाज तिचाच होता. पण त्यात एक टणक चपळपणा होता. बोलताना मध्येच हसू फुटायचं, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार असायचं. लांबची चुलतबहीण पाहुणी आल्यासारखं वृषालीला वाटलं. अन्वीने गंमत म्हणून विचारलं, "मॅडम, आमचा पंप पाणीच ओढत नाही हो."

"फूटव्हॉल्व बघितलात का? विहिरीत पालापाचोळा असेल तर तिथेच अडकतो. आधी तो साफ करा, मग पंपात वरून पाणी भरा, हवा निघून जाऊ दे. आणि घाबरू नका, पंप माणसांपेक्षा समजूतदार असतात."

अन्वी फोनकडे बघत राहिली. "आई, तू अशी बोलायचीस," ती म्हणाली. "मी विसरूनच गेले होते."

महिन्याभरात कागलच्या औद्योगिक वसाहतीतून बोलावणं आलं. कंपनीचं नाव जलवर्धिनी. विभागप्रमुख शर्वरी लाटकर वृषालीपेक्षा थोडी लहान असेल. तिने वृषालीला फारसं काही विचारलंच नाही. "तुमच्या छायेने आमच्या लोकांना खूप हसवलं," एवढं म्हणाली आणि नेमणुकीचा मजकूर पुढे केला.

कामात नवीन काहीच नव्हतं. नवीन होता तो ताळमेळ. प्रत्येकाच्या पडद्याच्या कोपऱ्यात दोन रेघा असायच्या. राखाडी रेघ छायेची, नारिंगी रेघ माणसाची. तोच फोन छायेने घेतला असता तर किती वेळात, कशा शब्दांत मिटवला असता, हे राखाडी रेघ सांगे. वृषालीची नारिंगी रेघ पहिल्या दिवसापासून खाली होती. तिने आटापिटा केला. बसमध्ये कानाला फोन लावून ती छायेची वाक्यं ऐकायची आणि ओठांतल्या ओठांत घोकायची. आपलंच बोलणं परक्या भाषेसारखं पाठ करताना तिला घाम यायचा. ऑफिसात तीच वाक्यं म्हणायला गेलं की विनोद चुकीच्या जागी पडायचा. एकदा एका माणसाने सरळ विचारलं, "बाई, तुम्हाला बरं वाटत नाही का?"

पावसाळा संपता संपता लाटकर मॅडमने तिला आत बोलावलं.

"फार अंतर पडतंय, वृषालीताई."

"मी प्रयत्न करतेय."

"दिसतंय मला. म्हणूनच म्हणते, नका करू." तिने खुर्ची जवळ ओढली. "कंपनी तुमची छाया भाड्याने घ्यायला तयार आहे. फोन ती घेईल. तुम्ही घरी राहायचं. पगारापेक्षा थोडे कमी मिळतील, पण दर महिन्याला मिळतील. विश्रांती घ्या. मुलीकडे बघा. आता बरेच जण असंच करतात."

वृषालीला अपमान वाटायला हवा होता. तो नंतर वाटला. त्या क्षणी तिला कुणीतरी डोक्यावरचं ओझं उतरवून घेतल्यासारखं झालं. तिने तिथल्या तिथे होकार दिला.

मग ती घरी होती. दुपारी गाढ झोपायची. आप्पांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेऊन आणायची. कपाटं आवरायला काढायची आणि अर्ध्यात सोडून द्यायची. तिकडे कागलमध्ये अपघात न पाहिलेली वृषाली चौगुले एकाच वेळी शेकडो लोकांशी हसून बोलत होती, आणि महिन्याच्या सुरुवातीला हिच्या खात्यात पैसे येत होते. शेजारपाजारच्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. नशीब काढलंस, असंच सगळे म्हणत.

अन्वी मात्र मिटत चालली होती. कॉलेजातून आली की आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. अभ्यास असेल, असं वृषालीने धरलं. एका दुपारी ती धुतलेले कपडे ठेवायला गेली, तर दार अर्धवट उघडं होतं आणि अन्वी फोनवर बोलत होती.

"हो मॅडम. पाच एचपीची. सबमर्सिबल आहे."

"अरे वा, मग चिंता कसली?" फोनमधून वृषालीचाच आवाज आला. "केबल तपासलीत का आधी?"

"नाही. कशी तपासायची?"

आवाज समजावून सांगू लागला. अन्वी पलंगावर पाय पोटाशी घेऊन ऐकत होती. घरात पंपच नव्हता, आणि फोन जलवर्धिनीच्या ग्राहक विभागाला लागलेला होता. वृषाली कपडे तसेच घेऊन मागे फिरली.

ती अन्वीला काही बोलली नाही. त्या रात्री जेवताना तिने उगाच आवाजात तरतरी आणली, कॉलेजातल्या सरांची चौकशी केली, मध्ये एक विनोदही केला.

"असं नको ना बोलूस, आई," अन्वी ताटाकडे बघत म्हणाली. "खोटं वाटतं."

नोव्हेंबरात अन्वीची सहामाही झाली. भौतिकशास्त्रात ती नापास झाली. ते वृषालीला नंतर समजलं. तिला आधी ऐकू आला तो अन्वीचा ओरडा. ती स्वयंपाकघरातून धावत गेली. अन्वी खोलीच्या मध्यभागी उभी होती, फोन पलंगावर पडला होता, आणि ती त्या फोनवर ओरडत होती. "पंप नाहीये माझ्याकडे! मी अन्वी बोलतेय! अन्वी!"

पलीकडचं वाक्य मध्येच तुटलं. मग आवाज बदलला. खाली आला, मऊ झाला. ऑफिसात घरचा फोन आला की वृषाली तोंडावर हात धरून बोलायची, अगदी तसा.

"अनू? क्लास सुटला का? हे बघ, गेटच्या आतच थांब. बाहेर रस्त्यावर येऊ नकोस. बाबा निघालेत न्यायला."

छायेतून घरगुती बोलणी गाळलेली असतात, असं करारात लिहिलेलं होतं. पण ऑफिसात बसून वर्षानुवर्षं दर संध्याकाळी केलेला तो एक फोन जाळ्यात कुठेतरी खोल मुरून राहिला होता, आणि नावाचा धक्का लागताच वर आला होता.

"बाबा येणार नाहीत," अन्वी म्हणाली.

"येतील गं. ट्रॅफिक असेल. डबा खाल्लास ना सगळा?" आणि लगेच पुढे, त्याच दमात, चपळ हसऱ्या आवाजात, "आपल्या पंपाबद्दल आणखी काही मदत हवी आहे का?"

वृषालीने फोन बंद केला.

दोघी जमिनीवर बसल्या. आप्पा दाराशी चाचपडत आले, काय झालं, काय झालं, असं विचारत राहिले. वृषालीने त्यांना हाताला धरून पलंगावर बसवलं.

"तिला काहीच झालेलं नाही, आई," अन्वी हुंदके देत म्हणाली. "ती बरी आहे. मला वाटायचं, तिच्याशी बोललं की मी पण... मी पण तिकडची, अपघाताच्या आधीची होऊन जाते."

"किती दिवस करतेयस फोन?"

"तू घरी बसायला लागल्यापासून." मग तिने नाक पुसलं आणि सरळ आईकडे पाहिलं. "तू ते का पुसलंस? मी होते त्यात. तू बाबांना मुगाचं कढण भरवत होतीस आणि कोणा बाईशी फोनवर बोलत होतीस. बाबांना ठसका लागला तेव्हा मी त्यांची मान धरली होती. तू त्या बाईला सांगितलंस, 'एक मिनिट थांबा हं, माझी मुलगी एकटी आहे.' ती थांबली होती. आठवतं तुला?"

"आठवतं."

"आता कुठेच नाही ते."

वृषालीने तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं. काम हवं होतं म्हणून पुसलं, हे खरं होतं आणि अन्वीला ते माहीत होतं. आप्पा पलंगावरून नुसतेच म्हणत राहिले, "रडू दे तिला. रडू दे."

दोन दिवसांनी वृषाली कागलला गेली. लाटकर मॅडमने सगळं ऐकून घेतलं. ती मनापासून ओशाळली.

"ही आमची चूक आहे. मी आजच कळवते. मुलीचं नाव आणि तो भाग कायमचा बंद करून टाकतील. पुन्हा असं होणार नाही."

"नको," वृषाली म्हणाली. "छायाच बंद करा. मला करार मोडायचाय."

"ताई, रागात ठरवू नका."

"राग नाही हो. राग यायला पण अंगात काहीतरी असावं लागतं." ती थोडी थांबली. "बाबा निघालेत, असं ती सांगते. तिला तसंच वाटतं. असल्या बाईच्या पैशावर मला घर नाही चालवता येणार."

"तुमच्याकडे दुसरी छाया नाही, हे लक्षात घ्या. मूळ नोंदी गेल्यात. तुम्ही कोऱ्या राहाल. कोऱ्या माणसाला कोण दारात उभं करतं?"

"कळतंय मला."

लाटकर मॅडम उठून खिडकीपाशी गेली. बाहेर मालाचे ट्रक लागले होते. "माझी पाच वर्षं काढलेली आहेत," ती तिकडेच बघत म्हणाली. "मुलगा झाल्यानंतरची. त्याला ऐकू येत नव्हतं. दर आठवड्याला मी सांगलीला घेऊन जायचे त्याला. कामावर लक्ष नसायचं." ती वळली. "आता राखाडी रेघेच्या वर असते मी. रोज. घरी गेल्यावर तासभर कुणाशी बोलवत नाही."

तिने मुदतीची अट बाजूला ठेवली आणि त्याच दिवशी करार संपवला. वृषाली बसस्टॉपवर आली. नोकरी नव्हती, भाडं नव्हतं आणि छायाही नव्हती.

पुढचे काही महिने वाईट गेले. मोठ्या कंपन्यांची यंत्रं तिचा अर्ज उघडतच नव्हती. अन्वीने संध्याकाळी लहान मुलांच्या शिकवण्या धरल्या, आणि वृषालीला ते थांबवता आलं नाही. दोघींची भांडणं व्हायची, साध्या साध्या गोष्टींवरून. पण अन्वी आता दार लोटून घेत नव्हती. भांडायची तेही स्वयंपाकघरात उभी राहून.

आप्पांनीच उद्यमनगरातल्या अल्ताफ मुजावरचं नाव काढलं. त्याच्या वडिलांबरोबर त्यांनी कधीकाळी काम केलं होतं. मुजावर दवाखान्यांचे पलंग बनवायचा, घरी अंथरुणाला खिळलेल्यांसाठीसुद्धा. पलंग नेलेल्यांचे फोन यायचे आणि ते घ्यायला माणूस टिकत नव्हता.

वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचा आवाज चालला होता. मुजावरने तिला पत्र्याच्या केबिनमध्ये बसवलं आणि जुनाट पडद्यावर तिचं नाव घातलं.

"ताई, इथे काहीच येत नाही. छाया कुठाय?"

"नाही."

"नाही म्हणजे?" तो हसला. "छाया फरारी लोकांनाच नसते."

"होती. आधी तिच्यातली वर्षं पुसली, मग तीही बंद केली."

त्याने पडदा बाजूला फिरवला आणि दाढी खाजवली. "मग आता मी कसं ठरवायचं? तुम्हीच सांगा काय ते. काय काय केलंत आजवर?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी तोंडाने विचारला नव्हता. आधी तिने पंपांचं सांगितलं. मग डीलरांचं. मग ती बोलायची थांबली, आणि तो उठला नाही हे बघून पुढे बोलू लागली. भरभक्कम अंगाच्या पुरुषाला एकटीने कुशीवर कसं वळवायचं. पाठीला जखम व्हायच्या आधी कातडीचा रंग कसा बदलतो. भरवताना पलंगाची पाठ किती उचलायची, आणि ती जास्त उचलली तर माणूस घसरून पायाकडे कसा जातो. रात्री कठड्याचा खटका अडकला की काय अवस्था होते. हे सगळं करत असताना ती कामाचे फोनही घेत होती, हेही तिने सांगितलं. आणि शेवटी म्हणाली, "नियम मोडून मी बऱ्याच लोकांना पंप बदलून दिले. नंतर कुठून कळायला नको, म्हणून सांगते."

मुजावरने टेबलावरचा एक बोल्ट फिरवून बाजूला ठेवला.

"पलंग तसे देऊ नका, ताई," तो म्हणाला. "लोखंडी पाइप फार महाग झालाय."

पगार कमी होता. तिने घासाघीस केली, त्याने थोडा वाढवला, तरी कमीच होता. सोमवारपासून यायचं ठरलं.

सोमवारी तिला केबिनच्या कोपऱ्यात एक टेबल आणि एक फोन मिळाला. पडद्यावर कसलीही रेघ नव्हती. दुपारपर्यंत दोन फोन आले, दोन्ही चाकांबद्दल. तिसरा फोन एका माणसाचा होता, इस्लामपूरहून. पलंग कालच आलाय, म्हणाला. बायकोसाठी. पाठीकडची बाजू खाली कशी घ्यायची ते समजत नाही.

"उजव्या हाताला पायाकडे एक दांडा आहे बघा," वृषाली म्हणाली. "तो आधी बाहेर ओढायचा, मग फिरवायचा."

"ओढला."

"आता हळूहळू फिरवा. त्यांचं डोकं कुणीतरी धरलंय ना?"

"नाही. मी एकटाच आहे."

"मग असं करा, आधी एक उशी घ्या."

पलीकडून काहीच आलं नाही. दांडा फिरल्याचा आवाज नाही, उशी घेतल्याचा नाही. मग एक दबलेला श्वास ऐकू आला, आणि तिला कळलं की तो माणूस फोन हातात घेऊन नुसता उभा आहे.

"घाई नाही," ती म्हणाली. "मी आहे इथे."

बाहेर वेल्डिंगच्या ठिणग्या उडत होत्या. मुजावरच्या टेबलावरचा फोन वाजून वाजून बंद झाला. वृषाली रिसीव्हर कानाशी धरून बसून राहिली.